तो तास कुठल्या देशातला

लिहिलंस का जिन्यापर्यंत? हां. तर त्या आठवड्यात जिना पुसायची पाळी गुड्रूनची होती, आणि बाई पुसत नव्हती. बादली एका पायरीवर, फडकं दुसऱ्या पायरीवर, आणि ती स्वतः तिसरीवर बसलेली. मी बाजार घेऊन वर येत होते. म्हटलं, काय गं, कंबर धरली का? तर म्हणाली, कंबर बरी आहे, नवरा बरा नाही. मग मी पण टेकले तिथेच पिशवी मांडीवर घेऊन, आणि तिने सांगितलं ते निम्मं. उरलेलं निम्मं पुढे त्याने स्वतःच सांगितलं. सगळ्या गावालाच सांगत सुटला होता, पण ते नंतर येईल. तू आपली लिहीत राहा.

तिचा नवरा, आल्विन श्टेगमान, म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला. जन्मभर ह्या जर्मन गावाच्या, हॅटिंगेनच्या नाकावर त्यानेच चष्मे ठेवले. दुकान सोडल्यावर घरी बसून करणार काय, तर खेळ. पोराटोरांचे नव्हेत, मोठ्यांचे, पेटीतले. पट असतो, लाकडाच्या सोंगट्या असतात, पत्ते, पुठ्ठ्याच्या चकत्या. दर वर्षी नवे निघतात, आणि माणसं विचारतात, ह्यातला कुठला घ्यावा. ते आल्विन सांगायचा. गावच्या शनिवारच्या वर्तमानपत्रात त्याचा रकाना होता, आणि रकान्याचं नाव होतं 'केकपासून पावापर्यंत'.

नाव बरोबर होतं. रविवारी दुपारी कॉफीच्या कपबश्या आणि केकच्या थाळ्या उचलल्या की पट मांडायचा, आणि संध्याकाळचा पाव कापायची वेळ झाली की आवरायचा. एवढ्या वेळात जो बसतो तोच खेळ त्याला पटायचा. कॉफी निवायच्या आत संपतो तो पोरकट, आणि ज्याला अख्खा रविवार लागतो त्यात म्हणे माणसं एकमेकांना नकोशी होतात. मधला हवा. एक तास, फार तर सव्वा. उठताना पुढच्या रविवारचं ठरवावंसं वाटलं पाहिजे.

नवी पेटी आली की तो आधी उघडून वास घ्यायचा, आपण तांदूळ घेताना घेतो तसा. पुठ्ठ्यातून चकत्या मोकळ्या करायचं काम गुड्रूनचं, तिला ते मटार सोलल्यासारखं आवडायचं. टेबलावर तेलकट काही आणायचं नाही, पत्त्यांना बोटं लागतात. खारट काड्या चालतील. आणि नियम वाचणार तो एकटाच, सकाळी, आंघोळ करून, देवाचं वाचावं तसे. टेबलावर मग आपल्या शब्दांत सांगणार. नियमांचा कागद दुसऱ्या कुणाच्या हातात जायचा नाही. कागदावरून शिकवलं की खेळ वाळून जातो, असं त्याचं म्हणणं. आणि खरंच सांगायचा छान. सांगता सांगता सोंगट्या अशा हलवायचा की तू न खेळताच शिकशील.

लोकांचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. नाताळच्या आधी आज्या त्याचा रकाना कापून पाकिटात घालून ठेवायच्या, नातवंडांना काय घ्यायचं म्हणून.

तर त्या सप्टेंबरात त्याच्याकडे एक निळी पेटी आली. 'मिठाच्या होड्या'. कुठल्या मोठ्या कंपनीची नव्हे. झोस्टकडची एक सुईण, मारेन ल्युडेके, तिने स्वतःच रचलेला, स्वतःच छापून घेतलेला. नदीवर होड्या, होड्यांत मिठाच्या वड्या भरायच्या, पलीकडे न्यायच्या. मीठ म्हणजे पांढरे लाकडी ठोकळे, साखरेच्या वडीएवढे. पेटीच्या पाठीवर लिहिलेलं, एक तास.

रविवारी आलुबुखाराचा केक झाला आणि बसले चौघं. आल्विन, गुड्रून, ट्राम चालवून निवृत्त झालेला डेटलेफ आणि डेटलेफची बायको. आल्विनने सांगितलं. प्रत्येकाने एक पत्ता पालथा ठेवायचा, मग उलटायचा, मग मीठ उचलून होडीत भरायचं. पहिल्याच डावात गुड्रूनने पत्ता उलटला आणि घातला हात मिठात. आल्विन म्हणाला, थांब, डेटलेफचा हात अजून टेबलावर आहे. तिने आपला हात मांडीवर घेतला. असंच चाललं मग. एकाचं भरून होईस्तोवर बाकीच्यांचे तीन जोड हात मांडीवर. डेटलेफ मोजून मापून भरणारा, ट्राम थांब्यावर लावावी तसा. त्याची बायको त्याला दटावणारी. पाव कापायची वेळ झाली तेव्हा होड्या निम्म्या नदीतच होत्या. गुड्रूनने उठून पाव कापला, चीज काढलं, काकडीचं लोणचं काढलं, आणि ते सगळं स्वयंपाकघरात वाळत पडलं. डेटलेफच्या पोटातला आवाज सगळ्यांना ऐकू आला. संपला कसाबसा. कोण जिंकलं हे कुणी विचारलं पण नाही.

आल्विनने लिहिलं. वाईट लिहायला त्याला आवडायचं नाही, पण त्या दिवशी एक वाक्य सुचलं आणि ते त्याला फारच आवडलं. त्याने लिहिलं, 'पेटीवर एक तास असं छापलं आहे. हा तास कुठल्या देशातला, ते मात्र छापायचं राहून गेलं.'

झालं. गावभर हसले. बेकरीत म्हणायला लागले, पाव कधी निघेल, तासाभरात, कुठल्या देशातला तास बाई? कुणीतरी ते वाक्य उचलून त्या फोनवर टाकलं, तिथून ते कुठे कुठे गेलं. आल्विनला कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं थांबवून हात मिळवायची. तो म्हणायचा, अहो, सुचलं आपलं. पण चालायचा जरा ताठ, ते आम्ही बघितलं.

ऑक्टोबरात एसेनला खेळांची ती मोठी जत्रा भरते. तू जातेसच की. हॉलमागून हॉल, दुकानंच दुकानं, आणि प्रत्येक दुकानापुढे टेबलं मांडलेली. बसा, खेळा, आवडलं तर घ्या. तिथल्या टेबलावर एक रीत आहे. बसलं की सगळे एकमेकांना 'तू'. इथल्या माणसाचं एरवी कसं, वीस वर्षं शेजारी राहून 'तुम्ही' सुटत नाही. पण खेळाच्या टेबलावर पहिला पत्ता पडला की डॉक्टर असो, पाद्री असो, तू. आल्विनला ते फार आवडायचं.

गुरुवारी तो एकटाच गेला. गुड्रूनचे पाय दुखत होते. फिरत फिरत मागच्या हॉलात पोचला, जिथे लहान लहान लोकांना जागा देतात, आणि तिथे त्याला ती निळी पेटी दिसली. एकच टेबल. मागे एक बाई उभी, बाह्या वर सारलेल्या, आखूड केस. त्याच्या मनात आलं, न बघता पुढे जावं. पण टेबलावरची माणसं हसत होती, आणि होड्या पलीकडे पोचत होत्या, आणि हा वेळ मोजणारा माणूस, उभा राहिला. तेवढ्यात त्यांचा डाव संपला. एक जण उठला. ती बाई आल्विनकडे बघून म्हणाली, "चौथा हवाय. ये, बस, तासाभराचंच आहे."

ते तासाभराचं तिने असं पटकन म्हटलं, आणि लगेच पडल्यासारखं हसली. कुणी टोमणा मारायच्या आत आपणच हसून घ्यावं ना, तसं.

नाव विचारलं. तो म्हणाला, आल्विन. तिथे तेवढंच पुरतं. ती म्हणाली, मी मारेन. आणि बसला बापडा.

पत्ते पालथे पडले. उलटले. आणि तिघांचे हात एकदम मिठात गेले. एकदम गं. हातावर हात, बोटात बोटं, ए माझा ठोकळा, हट, मी आधी धरला, असा सगळा गोंधळ, आणि गोंधळातच ती मजा. ज्याचा हात चपळ त्याला चांगलं मीठ, ज्याचा जड त्याला ओलं, म्हणजे कमी मोलाचं. आल्विनचा हात मांडीवर. त्याने एक ठोकळा उचलला होता आणि तो मुठीत घेऊन हात मांडीवर ठेवून तो वाट बघत बसला होता, समोरच्याचं होईल म्हणून.

मारेन म्हणाली, "कुणाची वाट बघतोयस, आल्विन? तुमच्या घरी असं खेळतात का?"

सगळे हसले. वाईट नाही, आपले मजेत हसले. तोही हसला. आणि हसता हसता थांबला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याला कळलं ना. खेळ काय आहे ते कळलं, आणि आपण काय केलं ते पण कळलं. तो मला म्हणाला होता, डोळे तपासायच्या पाटीवर सगळ्यात वरचं मोठं अक्षर मला दिसलं नव्हतं.

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. पण तेवढ्यात मागून दोन तरुण पोरं जाताना एकाने पेटी बघितली आणि दुसऱ्याला कोपर मारून मोठ्याने म्हणाला, हा बघ तो, हा तास कुठल्या देशातला! मारेनने तेच मघाचं हसू काढलं, ठेवणीतलं, आणि त्यांच्याकडे हात हलवला. मग पत्ते पिसत खालच्या आवाजात टेबलाला म्हणाली, "सकाळपासून बारावा असेल. मी आता मोजत नाही."

आल्विनच्या शेजारची एक मुलगी म्हणाली, कुणी लिहिलं गं ते? मारेन म्हणाली, हॅटिंगेनचा कुणी म्हातारा आहे. आणि आल्विन, तो म्हातारा, त्याने खाली मान घालून आपला पत्ता पालथा ठेवला.

पुढे तो चांगला खेळला. हात सोडला तसा खेळ त्याच्या बोटांत आला. तासाला पाच कमी असताना संपला आणि जिंकला कोण, तर हाच. मारेनने टाळी दिली. म्हणाली, तुला आवडला ना, मग घरी सांग लोकांना. तो म्हणाला, सांगतो. उठला, कोट घातला, आणि निघाला. असा निघाला की बाहेर पडेपर्यंत मागे बघितलं नाही.

घरी आल्यावर गुड्रूनने कोट झटकला तर खिशातून पांढरा लाकडी ठोकळा पडला. तो पहिलाच. मांडीवर मुठीत धरलेला तो त्याने खिशात कधी सोडला ते त्याला आठवत नव्हतं. गुड्रून म्हणाली, आता दुकानातून सोंगट्या उचलायला लागलास का रे? तर हा कोचावर बसला. मग बोलला. सगळं. चुकीचं लिहिल्याचं आधी सांगितलं आणि जिंकल्याचं शेवटी, आणि जिंकल्याचं सांगताना त्याने तोंडावर हात घेतला.

गुड्रूनने ती निळी पेटी कपाटावरून काढली. नियमांचा कागद उलगडला. त्यात लिहिलं होतं, 'मग सगळे जण एकाच वेळी मीठ भरतात.' आणि 'एकाच वेळी' हे ठळक. काळं, जाड, ठळक. चष्मेवाल्याच्या घरात.

"हे मी वाचलंय," आल्विन म्हणाला. "त्या दिवशी सकाळी वाचलंय, गुड्रून. मग मला ते दिसलं कसं नाही?"

ती म्हणाली, "तुला दिसलं. पण तुझ्या आईने दिसू दिलं नाही."

आता त्याची आई, हेडविग. मी तिला शेवटची शेवटची बघितली आहे, काठी आपटत चालायची. पाच पोरं, एक टेबल, एक जॅमची बरणी. तिने घरात नियमच घातला होता, एकाचा हात टेबलावर असेल तर बाकीच्यांचे मांडीवर. जेवताना तेच आणि पत्ते कुटताना तेच. जो मधे हात घालील त्याच्या बोटांवर चमचा. साठ वर्षं आल्विन तसाच खेळत आला, आणि गंमत अशी की त्याला तो आईचा नियम वाटायचाच नाही. त्याला वाटायचं, जगात असंच खेळतात. ज्या खेळांत पाळीपाळीने खेळायचं त्यांत ते खपून गेलं. हा एकच आला असा, की ज्यात हात एकदम घालायचे, आणि त्यालाच त्याने हात मांडीवर ठेवून मारलं.

गुड्रून म्हणाली, मी पहिल्या डावाला हात घातला होता की रे. तो म्हणाला, हो, मीच तुला थांबवलं.  ह्याच्या दुसऱ्या दिवशी ती मला जिन्यात भेटली बघ, बादली घेऊन.

शनिवारी तर फारच झालं. तो पाव आणायला बेकरीत गेला. काउंटरवरच्या बाईने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, काय श्टेगमानसाहेब, जत्रेत गेला होतात ना, मग सापडला का तो देश? रांगेतली माणसं हसली. एक जण म्हणाला, तुमच्यामुळे आमचे पैसे वाचले हो, नातीला तोच घेणार होतो. पाठ थोपटली त्याची. आल्विनला वाटलं, ह्याने पाठीत धपाटा घातला असता तर बरं होतं. पाव घेतला आणि बाहेर येऊन घराकडे न जाता नदीवर जाऊन बाकावर बसला. घरी आला तेव्हा पाव गार.

वाक्याला पाय फुटले होते, बाळा. खोटं वाक्य चांगलं जमलं की ते धावतंच. खरं वाक्य त्याच्यामागे कसं पाठवायचं, हे त्याला कळेना.

रविवारी सकाळी तो उठला, दाढी केली, चांगला सदरा घातला. ठोकळा खिशात. गुड्रून म्हणाली, मी येऊ का? म्हणाला नको, तू आलीस तर ती बिचारी तुझ्या तोंडाकडे बघून मला सोडून देईल.

जत्रेचा शेवटचा दिवस. मागच्या हॉलात अर्धी दुकानं खोके बांधत होती. मारेन तिच्या टेबलाशीच होती. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. अरे, तू परत आलास! म्हणाली, बस, दोघं येतायत, जागा आहे.

तो बसला नाही. खिशातून ठोकळा काढून टेबलावर ठेवला. ती हसायला लागली. म्हणाली, मी म्हटलं गेला कुठे हा. आणि पेटीतून एक साखरेची वडी काढून दाखवली, कॉफीबरोबर देतात ती. तीन दिवस मिठाच्या जागी साखर चालवली होती तिने. कडा जरा झिजल्या होत्या, लोकांच्या बोटांनी.

आल्विन म्हणाला, "तो तास कुठल्या देशातला, ते सापडलं मला."

तिचं हसू तिथेच थांबलं आणि ते ठेवणीतलं हसू त्याच्या जागी आलं. तिला वाटलं, हाही त्यातलाच. ते आल्विनला दिसलं आणि त्याला पुढे बोलवेना. पण बोलला. "माझ्या आईच्या घरातला आहे. मी श्टेगमान. ते मीच लिहिलं होतं. तुझा खेळ मी चुकीचा खेळलो, हात मांडीवर ठेवून, आणि दोष तुला दिला."

मारेनने साखरेची वडी पेटीत टाकली. मग म्हणाली, "गुरुवारी तुम्ही इथे समोर बसला होतात."

तुम्ही. ऐकलंस? तू-तू करणारी बाई, एका वाक्यात तुम्हीवर गेली. आल्विन सांगताना तिथे दर वेळी थांबतो. म्हणतो, दुसरं कुणी माझ्या तोंडावर पाणी फेकलं असतं तरी इतकं गार लागलं नसतं.

"हो," तो म्हणाला.

"तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच डावाला."

"आणि जिंकलात. टाळी घेतलीत माझी."

ती पोरं जाताना जे बोलली ते त्याच्यासमोर बोलली होती, आणि त्याने पत्ता पालथा ठेवला होता. तेच दोघांच्या मनात होतं, आणि दोघांनीही ते काढलं नाही.

मग ती म्हणाली, लिहिणारा चुकतो हो, श्टेगमानसाहेब. मी पण चुकले, तो शब्द मला दोनदा लिहायला हवा होता. बाळंतपणात मी एकच गोष्ट दहादा सांगते, इथे एकदा सांगून मोकळी झाले. लिहिल्याचं मला एवढं नाही. पण तुम्ही माझ्या टेबलावर बसलात. एवढं म्हणाली आणि पुढचं तिने तसंच सोडलं.

तेवढ्यात ते दोघं आले, नवरा-बायको, हातात सॉसेजचे पाव. मारेनने ते पाव बघितले आणि मग आल्विनकडे बघितलं. म्हणाली, सकाळपासून माझ्या पोटात काही नाही. तुम्ही ह्यांना शिकवा. तुम्हाला शिकवता येतं ना? आणि गेली. खरंच गेली, मागे न बघता.

आल्विनने कोट काढला. आधी त्या दोघांना पाव बाजूला ठेवायला लावले आणि हात पुसायला लावले, त्याच्याने राहवलं नाही. मग नियमांचा कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर कागद घेऊन त्याने वाचून शिकवलं, बोट ठेवून, शब्द न शब्द. 'एकाच वेळी' पाशी आला तेव्हा दोनदा वाचलं. चौथा कुणी नव्हता म्हणून तिघंच बसले. हात एकदम गेले, बायकोने नवऱ्याच्या हातावर फटका मारला, नवरा म्हणाला घरी बघतो तुला, आणि रंग भरला.

आणि मधेच एक जण आला. येणारच. गळ्यात दोन पिशव्या, पेटी बघून थांबला आणि म्हणाला, हाच ना तो, कुठल्या देशातला तास? आल्विनने पत्ता खाली ठेवला. उभा राहिला. म्हणाला, "माझ्या घरातला. मीच लिहिलं होतं आणि चुकीचं लिहिलं होतं. इथे तास साठ मिनिटांचाच आहे, थांब आणि बघ."

त्या माणसाला वाटलं म्हातारा मस्करी करतोय. हसला. मग आल्विनचं तोंड बघितलं आणि हसायचा थांबला. थांबला, पण गेला नाही, डाव संपेस्तोवर उभा राहून बघत होता. त्या नवरा-बायकोने मात्र आल्विनकडे नंतर सरळ बघितलं नाही. अवघडले बिचारे. लाज अशीच असते, ज्याची त्याला तर होतेच, समोरच्यालाही बसायला जागा ठेवत नाही.

मारेन परत आली तेव्हा हॉलातले कर्णे लोकांना आवरायला सांगत होते. टेबलावर दुसरा डाव चालला होता. ती मागे उभी राहून ऐकत होती, आल्विन बोट ठेवून वाचतोय ते.  आवरायला लागली तसा तो खोके उचलू लागला. तिने उचलू दिले. गाडीपर्यंत नेऊन ठेवले, तेव्हा त्याने विचारलं, मी आता काय करू?

ती म्हणाली, त्या वर्तमानपत्रात लिहा, पण ते कुणी वाचणार नाही, ते मलाही माहीत आहे. ज्यांना उलटं सांगितलंत, त्यांना सुलटं सांगा. तोंडाने. आणि हात पुढे केला. त्याने धरला. म्हणाली, प्रवास नीट करा. करा, हं. कर नाही.

पत्रात त्याने लिहिलं, बरं का. मोठं लिहिलं होतं, आईपासून सगळं. पत्रवाल्यांनी कापून कापून तीन ओळी ठेवल्या, आणि त्या छापल्या कुठे, तर झाडांची पानं भरायच्या पिशव्या नगरपालिका कधी उचलणार त्याच्याखाली. मी दहा जणांना विचारलं, कुणी वाचलं नव्हतं. पिशव्यांचा दिवस मात्र सगळ्यांना पाठ.

म्हणून तो मग फिरला. बेकरीत रांगेत उभा राहून सांगितलं, आपणहून, बाईने पाव गुंडाळायच्या आत. ती म्हणाली, अरे देवा, पण वाक्य काय छान होतं हो. त्या पाठ थोपटणाऱ्या माणसाच्या घरी गेला. डेटलेफला सांगितलं तर डेटलेफ म्हणाला, म्हणजे मी उगीच उपाशी बसलो होतो? मला जिन्यात सांगितलं, मी फडकं पिळत होते तेव्हा, आणि सांगताना लाल झाला, जसा काही मी त्याचा पगार कापणार होते.

रकाना त्याचा चालू आहे. पण आता नियम गुड्रून वाचते, मोठ्याने, टेबलावर, सगळ्यांसमोर. आणि तो हात टेबलावर ठेवून ऐकतो. मांडीवर गेला की ती नुसती बघते. गेल्या जत्रेत दोघं मारेनकडे गेले होते. गुड्रून म्हणाली, बाई छान बोलली, कॉफी दिली, खेळली पण. गुड्रूनला तू म्हणाली. ह्याला अजून तुम्हीच आहे.

आता तुझं काम. तुझ्या वर्गातली ती लांब वेणीवाली, फ्राउके, तिच्या आजोळी ती निळी पेटी आहे, माळ्यावर टाकली आहे म्हणे, फार लांबतो म्हणून. तू सोमवारी तिला भेटशील ना, तिला सांग, आजीला म्हणावं पेटी खाली काढा. कागद वाचायची पण गरज नाही, एवढंच सांग, पत्ता उलटला की हात सगळ्यांनी एकदम घालायचे. आणि हे आल्विनने सांगायला सांगितलंय, असं त्याचं नाव घेऊन सांग.